दोनदा पिकणारी केळी

मराठीत 'पिकवणे' या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. रावेर-यावलचा शेतकरी केळी पिकवतो, म्हणजे रोप लावून, ठिबकवर पोसून घड हाती आणतो. वखारीतला व्यापारीही केळी पिकवतो, म्हणजे कापलेला हिरवा घड पिवळा करतो. भाषेने एकत्र ठेवलेली ही दोन कामे जळगावच्या केळीबाजाराने केव्हाच वेगळी केली. नवती, पिलबाग की कांदेबाग, बागेचा प्रकार कोणताही असो, माल बागेतून निघतो तो हिरवाच, कारण पिकले केळे दिल्लीपर्यंतचा प्रवास सोसत नाही. पहिले पिकवणे उघड्या शेतात चालते आणि दुसरे दूरच्या शहरात बंद दाराआड. खाणाऱ्याला धोका आहे तो या दुसऱ्या पिकवण्यात. सरकारी नियम तिथे वर्षानुवर्षे लंगडे पडले, ते धोका ठाऊक नव्हता म्हणून नव्हे. कसे पिकवायचे नाही एवढेच कायदा सांगत राहिला. कसे पिकवायचे, हे सांगायला त्याने फार उशीर केला.

जुनी रीत साधी होती. फळे पेंढ्यात दडपायची, खोली बंद करायची, लागलीच तर धुरी द्यायची. फळ उबेने पिकते, असाच सगळ्यांचा समज होता. तो खोटा ठरला कॅलिफोर्नियात. तिथले बागायतदार लिंबे पिवळी करण्यासाठी रॉकेलच्या शेगड्या पेटवत. शेगड्या काढून स्वच्छ उष्णता दिली, तर लिंबे हिरवीच राहू लागली. शेगडीच्या धुरातला इथिलीन वायू रंग आणतो, हे १९२४ मध्ये फ्रँक डेनी यांनी दाखवले. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केले की पिकणारे फळ स्वतःच हा वायू सोडते. पेंढ्यात कोंडला जाणारा आणि धुरीतून मिळणारा तो हाच वायू. आजीच्या हाताला जे कळत होते, त्याला रसायनशास्त्राने नाव दिले.

वखारीत फळे पिकवायला वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडचा वंश मात्र अन्नाचा नाही. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन यांच्या विजेच्या भट्टीतून तो निघाला, तोही एका धातूच्या शोधात असताना. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो; सायकलींचे आणि खाणीतले दिवे त्यावर जळत, आणि वेल्डिंगच्या दुकानांमुळे हा राखाडी खडा गावोगाव पोचला. ॲसिटिलीन इथिलीनचा दूरचा भाऊ. फळावर त्याचाही परिणाम होतो, पण कितीतरी दुबळा. फळाला सुटणाऱ्या घामानेच फळांत ठेवलेल्या पुडीतला खडा ओला होतो, साल पिवळी पडते आणि गर अनेकदा कच्चाच राहतो. फळबाजाराने त्याला 'मसाला' म्हटले. या नावावर माझा खरा आक्षेप आहे. मसाला स्वयंपाकघरात मापाने पडतो. कारखान्यातला हा खडा त्या शब्दाच्या आडोशाने अन्नात शिरला. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि ओलाव्याने त्यांचेही विषारी वायू होतात. चक्कर, सतत तहान, गिळायला त्रास, उलट्या, कातडीवर व्रण असे त्याचे परिणाम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नोंदवले आहेत.

कार्बाइडवरची बंदी जुनीच आहे. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांत ती '४४ एए' या नियमाने आली आणि २०११ च्या विनियमांत २.३.५ म्हणून पुन्हा लिहिली गेली. पण वायू उडून जातो आणि पुडी फेकली की पुरावा संपतो. म्हणूनच फळांच्या क्रेटजवळ कार्बाइड सापडला तरी तो परिस्थितिजन्य पुरावा मानला जाईल, असे प्राधिकरणाला २०२५ मध्ये सांगावे लागले. शिवाय बंदीने व्यापाऱ्याची अडचण सुटत नव्हती. साधारण २४ अंशांच्या वर केळ्याचा गर मऊ होतो, पण साल नीट पिवळी होत नाही; खानदेशात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. इथे कमी पडत होता तो गारवा, आणि त्याची भरपाई लोक पुडीने करू पाहत होते. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून रायपनिंग चेंबरला, म्हणजे फळे पिकवण्याच्या गार खोल्यांना, अनुदान मिळू लागले. १५ ते १८ अंश तापमान, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता, दिवसभर इथिलीन, मग हवा पालटणे, असे तिथले काम. अन्नकायद्यात मात्र इथिलीनचे नाव आणि १०० पीपीएमची मर्यादा यायला २०१६ उजाडले.

साल तर आपण फेकून देतो, मग धोका कसला, असे कुणी विचारील. वायू सालीतून आत शिरतो म्हणूनच तर फळ पिकते. आणि त्याचा पहिला श्वास घेतो तो वखारीतला हमाल. एखादे केळे खाऊन कुणी लगेच आजारी पडत नाही, हेही खरे. पण कोणत्या खड्यात किती अशुद्धी आहे हे कुणीच मोजत नाही, आणि जे मोजले जात नाही त्याला सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही. इथिलीनही रसायनच, या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे: तो फळाचा स्वतःचा वायू आहे, आणि त्याला आकडा लावता येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चेंबर मोठ्या व्यापाऱ्याला परवडतो. धुळ्याच्या गल्लीत हातगाडी लावणाऱ्याला चार क्रेटसाठी तो कुठून परवडणार? म्हणूनच इथिलीन सोडणाऱ्या इथ्रेल या रसायनाच्या पाण्यात फण्या बुडवण्याची नवी पळवाट निघाली, आणि तिलाही परवानगी नाही. फळाला न टेकणाऱ्या पुडीतून इथिलीन सोडायची मुभा नियमांत आहे, पण बाहेरून ती पुडी आणि कार्बाइडची पुडी सारखीच दिसते. बाजार समितीने भाड्याने कप्पे देणारा सामाईक चेंबर उभारला, तर हातगाडीवाल्याला पुडीची गरजच उरणार नाही. नाहीतर बागेतून निघालेला तोच हिरवा घड एका वखारीत मोजलेल्या इथिलीनवर पिकेल आणि शेजारच्या वखारीत मसाल्यावर; गाडीवर दोन्हींचा रंग एकच असेल.