जय भीम कॉम्रेड आणि गाण्यांचा दुसरा सुवर्णकाळ

मराठी गाण्याचा सुवर्णकाळ म्हटलं की आपण थेट पुणे आकाशवाणीपाशी जाऊन थांबतो. १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झालं, गदिमा-बाबूजींनी वर्षभरात छप्पन्न गाणी दिली, लोक रेडिओला हार घालून ऐकायचे. खरंच मोठं काम, वादच नाही. ते संपलं एप्रिल ५६ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. त्या लाखोंचीही गाणी होती, त्यांचेही कवी होते. पण सुवर्णकाळाच्या यादीत ते कुठे दिसतात का बघा.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. लोक त्याला राजकीय माहितीपट म्हणतात. आहेच. पण तीन तासांच्या या माहितीपटात इतकी गाणी आहेत की मी त्याला आधी संगीतपट म्हणेन.

सुरुवात एका मृत्यूपासून होते. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. घोगरे डाव्या चळवळीतले गायक, आव्हान नाट्य मंचाचे. पुढे संघटनेनं त्यांना बाहेर काढलं होतं. पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये ते गायले होते, त्यामुळे दोघांची ओळख जुनी. कॅमेरा बाहेर निघाला तो तेव्हा, आणि काम चौदा वर्षं चाललं. इतकी वर्षं का? एक कारण तर कोर्टच. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये! नंतर त्याला जामीनही मिळाला.

घोगऱ्यांच्या मागे जी परंपरा उभी आहे ती माहितीपटापेक्षा पुष्कळ जुनी. सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा. तमाशाची ढोलकी, डफ, बतावणी घेतली, शृंगार काढला, त्या जागी शाळा, पाणवठा, मंदिरप्रवेश आणला. अंगावर आलेली कलाच फिरवून हत्यारासारखी वापरली म्हणा ना. मग वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म. अक्षरं शिकले ती मुंबईत, मोठेपणी. गिरणीत, कोळशावर, मिळेल तिथे कष्ट केले, १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ ला गेले तोवर गावोगाव फिरत हजारो गाणी रचली. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायचं, जुन्या संतकवींसारखं. ते नाव होतं म्हणून बरं, नाहीतर निम्मी गाणी 'पारंपरिक' म्हणून खपली असती.

या गाण्याला रेडिओची स्वरपरीक्षा नव्हती, करारपत्र नव्हतं. ते जयंतीच्या मांडवात शिकायचं, वहीत उतरवायचं, पुढच्या वस्तीत नेऊन गायचं. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या रेकॉर्डी आणि कॅसेटींनी आवाज तरी राहिले. पण कवी कोण, हे किती घरांत माहीत असतं?

माहितीपटाचा शेवटाकडचा भाग पुण्याच्या कबीर कला मंचाचा. शीतल साठे गाते तेव्हा आपण ऐकत राहतो. तिची आई बोलते तेव्हा मात्र आपण जास्त विचारात पडतो. लेकीची गाणी आणि आईची देवावरची श्रद्धा एकाच खोलीत नांदताना दिसतात आणि पटवर्धन तिथे घाई करत नाहीत. मला हा सगळ्यात चांगला तुकडा वाटतो. पुढे हे कलाकार भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. मंचाचेच सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली.

कुणाच्या घरी आजोबांची, वडिलांची गाण्यांची वही असेल तर पानांचे फोटो काढून ठेवा. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात सापडेल.