शिवराईची किंमत किती?

१/ आजीच्या जुन्या डब्यात एखादी शिवराई सापडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिचे किती येतील? जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याच्या जाहिराती सर्वत्र फिरतात. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. मग नाण्याचे मोल ठरते कसे?

२/ केवळ वयावरून नव्हे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई महाराजांनंतरही अनेक टांकसाळींत पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात राहिली. त्यामुळे नाण्यावर महाराजांचे नाव असले, तरी ते त्यांच्याच काळातले असते असे नाही. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची कडा आणि वजन पाहूनच काळाचा अंदाज बांधता येतो.

३/ महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ. वजन तीन ग्रॅमहून कमी. पण किंमत त्यातील सोन्याच्या कैक पट. म्हणूनच बनावट होनही पुष्कळ. अस्सल नाणे ठशाने पाडलेले असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडरेषा आणि पृष्ठावर बारीक छिद्रे दिसू शकतात.

४/ नाण्याची स्थितीही तितकीच महत्त्वाची. चिंच लावून नाणे लखलखीत केले, की शतकांचा थर जातो, अक्षरे झिजतात आणि जाणकाराच्या लेखी किंमत उतरते.

५/ पण बाजारभाव म्हणजे इतिहासातील मोल नव्हे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. मात्र त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. विजयी राजाने पराभूताचेच चलन आपलेसे केले, याची साक्ष त्या साठ्याने दिली.

६/ तीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर किती नाण्यांवर नवा ठसा होता हे प्रमाण कधीच कळले नसते. घासून उजळली असती, तर नव्या ठशाखालचा नहपानाचा चेहराही पुसला गेला असता.

७/ जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाणे कोठे, कशात आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडले, ही नोंद एकदा हरवली की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.