विजयदुर्ग, हेलियम आणि तीस वर्षांचे अंतर

विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज संशोधकाने याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, अशी कथा लेखांतून व भाषणांतून सांगितली जाते. त्या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. अडचण एवढीच, की १८६८ साली लॉकियर भारतात आलेच नव्हते.

मग त्या ग्रहणाला भारतात होते कोण? चंद्राची छाया दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि ब्रिटिश लष्करातील मेजर टेनंट होते. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. दिवस श्रावणातले. जमखंडीत ढगांनी ऐन वेळी छळले, तरी फटीतून जे दिसले ते पुरेसे ठरले. (ऐन पावसात कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बिणी मांडण्याचे धाडस कोणी का केले असते, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.)

खग्रास अवस्थेत सूर्याच्या कडेवर तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या नेमक्या कशाच्या, हे कोडे होते. वर्णपटदर्शकातून पाहताच त्यांच्या प्रकाशात सलग पट्टा न दिसता सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन होता. त्यांतच एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची असावी, असा बहुतेकांचा समज झाला.

जान्सेन यांना त्या रेषा इतक्या प्रखर वाटल्या, की ग्रहणाविनाही त्या दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्याच सकाळी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. ग्रहणाची मोजकी मिनिटे गाठण्यासाठी अर्धी पृथ्वी पालथी घालणाऱ्या खगोलविदांसाठी ही मोठी सुटका होती.

लॉकियर हे तेव्हा लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते आणि खगोलशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा ध्यास होता. हीच युक्ती त्यांना १८६६ मध्येच सुचली होती, पण उपकरण तयार होऊन हाती यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांनाही त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले एकच पदक काढले.

खरा पेच मात्र पिवळ्या रेषेचा होता. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात, ही ५८७.६ ला. फरक केसाएवढा, तरी लॉकियर यांनी तो सोडला नाही. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी ती रेषा हायड्रोजनपासून मिळवण्याचे प्रयोग केले. ती मिळाली नाही. तेव्हा हे सूर्यावरचे नवे मूलद्रव्य असावे, असा विचार पुढे आला. ‘हेलिऑस’ या सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले आणि १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात त्याचा उल्लेख केला. पृथ्वीवर कोणी न पाहिलेले मूलद्रव्य केवळ एका रेषेवरून मान्य करणे अनेकांना जड गेले, आणि तो संशय अवाजवी नव्हता. त्याच काळात आणखी काही अनोळखी रेषांवरून ‘नवी मूलद्रव्ये’ कल्पिली गेली, ती सगळी पुढे बाद झाली.

हेलियम टिकले. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून वायू काढला. ते शोधत होते अरगॉन. मिळाली ती सूर्यावरची पिवळी रेषा. क्रूक्स यांनी मोजमाप करून तिची खात्री पटवली.

आता विजयदुर्गाकडे वळता येते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले. या वेळी कोरड्या ऋतूत, आणि छायेचा पट्टा थेट कोकण किनाऱ्यावरून आत शिरला. लॉकियर त्या वेळी खरोखरच गडावर आले. एकसष्ट वर्षांचे, ‘सर’ झालेले. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशांना त्यांनी कॅमेरे आणि वेळमोजणीची कामे शिकवली. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले गेले. हेलियम तोवर जवळपास तीन वर्षे प्रयोगशाळेच्या नळ्यांत होते.

त्याच दिवशी सोलापूर भागातील जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ ठोकला होता. शेजारी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. ओट्यांच्या कथेत या नायगमवालांचे नाव सहसा येत नाही. त्यांची पुण्यातली २० इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती; ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.