जुनी गाडी, नवं इंजिन आणि पुढच्या भानगडी

आठवडाभर जिनं ऑफिसला जायचं तीच गाडी रविवारी ट्रॅकवर पळवायची, हे गाडीवेड्यांचं फार जुनं स्वप्न. त्यासाठी हाताशी असलेल्या, थोड्या वयस्कर स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन कोंबायचं ही पद्धतही तितकीच जुनी. यातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कोब्रा. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा २०१९ चा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना कॅरोल शेल्बी आणि केन माइल्स ही नावं माहीत असतील. पण त्या सिनेमातली जीटी-४० ही नंतरची, फोर्डच्या अफाट पैशावर झालेली गोष्ट. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. ती गॅरेजातली आहे.

ही गोष्ट साधारण अशी सांगतात: टेक्सासचा एक अवलिया, इंग्लंडची एक नाजूक गाडी, फोर्डचं व्ही-८ इंजिन. तिघं एकत्र आले आणि फेरारी हरली. खोटं काहीच नाही. फक्त यात १९६२ ते १९६७ ही मधली पाच वर्षं गाळलेली आहेत, आणि सगळी मजा तिथंच आहे. कारण इंजिन बसवणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात सोपा भाग होता.

आधी मूळ गाडीबद्दल. लंडनजवळच्या थेम्स डिटन गावात एसी कार्स नावाची छोटीशी कंपनी होती. तिनं १९५३ च्या लंडन मोटर शोमध्ये 'एस' ही गाडी मांडली. चासी जॉन टोजेरोची: तीन इंच व्यासाच्या दोन लांब नळ्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या, आणि पुढं-मागं एकेक आडवा पाटा. हो, पाटाच. ट्रकखाली आपण बघतो त्याच जातीचा, फक्त इथं तो गाडीच्या रुंदीत आडवा टाकलेला. वर हातानं ठोकून घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी. दिसायला देखणी, वजनाला हलकी. इंजिन मात्र एसीचं स्वतःचं, सहा सिलिंडरचं, आणि त्याचा आराखडा होता १९१९ चा! १९५६ पासून ब्रिस्टलचं जास्त ताकदीचं इंजिन मिळू लागलं, तेही मुळात युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू ३२८ वरून आलेलं. या सव्वाशेच्या आसपास हॉर्सपॉवरवर 'एस'नं १९५९ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सातवा नंबर काढला. म्हणजे गाडी काही लेचीपेची नव्हती.

त्याच शर्यतीत पहिला आला होता ॲस्टन मार्टिन, आणि तो चालवणाऱ्या दोघांपैकी एक होता कॅरोल शेल्बी. आधी कोंबड्या पाळून बुडालेला, हृदयविकार असलेला, जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून शर्यती केलेला माणूस. १९६० मध्ये त्या हृदयापायी त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. १९६१ मध्ये ब्रिस्टलनं ते इंजिन बनवणं थांबवलं. म्हणजे एकीकडे इंजिन नसलेली गाडी, दुसरीकडे गाडी नसलेला ड्रायव्हर. सप्टेंबर १९६१ मध्ये शेल्बीनं एसीला पत्र लिहिलं: तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवू या का? मग तो फोर्डकडे गेला. सांगतात की एसीला त्यानं इंजिन आहे म्हणून सांगितलं आणि फोर्डला गाडी आहे म्हणून, आणि तेव्हा त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. (आमच्या क्षेत्रात याला 'प्री-सेल्स' म्हणतात.)

फोर्डचं नवं छोटं व्ही-८ पातळ भिंतींच्या ओतकामाचं होतं, त्यामुळे लोखंडी असूनही ब्रिस्टलच्या मानानं फार जड नव्हतं. फेब्रुवारी १९६२ मध्ये इंजिनाविना एक गाडी विमानानं लॉस एंजेलिसला आली आणि डीन मूनच्या गॅरेजात काही तासांत तिच्यात २६० घनइंची, म्हणजे ४.२ लिटरचं इंजिन बसलंसुद्धा. ही सीएसएक्स-२०००, पहिली कोब्रा. एकच गाडी होती, म्हणून मासिकांना चाचणीला देताना दरवेळी वेगळा रंग मारून देत, म्हणजे वाचकांना वाटावं की कारखान्यातून धडाधड गाड्या बाहेर पडतायत. आमच्याकडचे डेमो आठवून मला यावर हसावं की रडावं कळत नाही.

इथवर सगळं सरळ. आता भानगडी.

ताकद एका झटक्यात दुप्पट झाली की तो सगळा जोर पुढच्या पुढच्या भागावर जातो, आणि त्यात जो सर्वात कच्चा तो मोडतो. डिफरन्शियल तर एसीनं आधीच बदललं होतं, जॅग्वार ई-टाइपमध्ये असायचं तसलं सॉलिसबरीचं दणकट आणून. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला कोब्राची पहिली शर्यत झाली. बिली क्राउझ नव्याकोऱ्या कॉर्व्हेट स्टिंग रेच्या पुढं होता, आणि मागच्या चाकाचा हब तुटला. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, आणि गाडी तीन चाकांवर. तो हब 'एस'च्या ताकदीसाठी घडवलेला होता, आणि 'एस'खाली तो बिचारा वर्षानुवर्षं नीट चालला होता. त्याची काहीच चूक नव्हती. जुन्या सिस्टिमवर नवीन लोड टाकून मग जुन्या सिस्टिमला शिव्या देणाऱ्यांनी या हबची आठवण ठेवावी.

हब मजबूत केले. जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडवर डेव्ह मॅकडोनाल्ड आणि केन माइल्स यांनी कोब्रा पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर आणल्या. मग २६० च्या जागी २८९ घनइंचाचं इंजिन आलं. मग जुन्या पद्धतीचं वर्म-अँड-सेक्टर स्टिअरिंग पुरेसं अचूक वाटेना, तिथं रॅक-अँड-पिनियन आलं. रुंद टायर आले, ते आत मावेनात, म्हणून मडगार्डचे ओठ फुगवले. इंजिनाची धग कोंडू लागली, म्हणून बॉडीच्या बाजूला झडपा पाडल्या. आज कोब्राचं जे 'मस्क्युलर' रूप आपल्याला भारी वाटतं, ते कुणी कागदावर सौंदर्य म्हणून काढलेलं नाही. एकेक ठिगळ आहे ते.

पण ज्याला ठिगळ लावता येत नव्हतं अशी एक गोष्ट होती: हवा. उघडी गाडी, बसकी काच, गोल नाक. अमेरिकेतल्या छोट्या वळणदार ट्रॅकवर हे चाललं, पण ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्यावर ताशी १६० मैल, म्हणजे साधारण २५७ किलोमीटरच्या पुढं ती जाईना. फेरारी जीटीओ बंद छपराची, ती निवांत पुढं निघून जायची. यावर पीट ब्रॉक या तरुण डिझायनरनं त्याच चासीवर बंद, मागं कापलेल्या शेपटीची डेटोना कूप बांधली. १९६४ आणि १९६५ मिळून फक्त सहा बनल्या. १९६४ मध्ये डॅन गर्नी आणि बॉब बॉन्डुरंट यांनी ल मान्सला एकूण चौथा आणि जीटी गटात पहिला नंबर काढला, १९६५ मध्ये जीटी गटाचं जागतिक अजिंक्यपदही आलं. यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, म्हणून मी थांबतो.

मला जास्त विचारात पाडते ती दुसरी बंद कोब्रा. १९६४ च्या ल मान्ससाठी एसीनंही स्वतःची एक कूप बनवली, ए-९८. शर्यत तोंडावर आली, आणि गाडी पूर्ण वेगात तपासायला इंग्लंडात पुरेसा लांब ट्रॅक सापडेना. तेव्हा त्यांनी काय केलं असेल? जून महिन्यातल्या एका पहाटे गाडी एम-१ मोटरवेवर नेली. सार्वजनिक रस्ता. जॅक सिअर्सनं तिथं ती ताशी १८५ मैलांपर्यंत नेली, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर! आणि यात बेकायदेशीर काहीही नव्हतं, कारण १९५९ साली सुरू झालेल्या त्या रस्त्यावर वेगमर्यादाच नव्हती. बातमी वर्तमानपत्रात गेली आणि गहजब झाला. पुढे डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली, आणि ती याच गाडीमुळे आली असं आजही लोक रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. मध्ये दीड वर्ष गेलं होतं, आणि त्या हिवाळ्यात धुक्यात मोटरवेवर एकामागून एक भीषण अपघात झाले होते. निर्णयाचं कारण तेच. पण दंतकथा टिकली, कारण तिच्यात 'रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी' या वाक्याचा अर्थ एकदम उघडा पडतो.

काही दिवसांनी ल मान्सला तीच ए-९८ टायर फुटून अपघातात सापडली. ड्रायव्हर वाचला. प्रेक्षकांना मनाई असलेल्या जागी उभी असलेली तीन तरुण मुलं गेली. या गाडीच्या कौतुकाच्या लेखांत पहाटेचे ते १८५ मैल ठळक अक्षरांत असतात, आणि ही ओळ असलीच तर शेवटी कुठंतरी.

तोवर अमेरिकेत आणखी मोठ्या इंजिनाची भूक लागली होती. ४२७ घनइंच, सात लिटर. माइल्सनं ते जुन्याच पाट्यांच्या चासीत बसवून १९६४ मध्ये सेब्रिंगला नेलं आणि सरावात गाडी झाडावर घातली. इथं एकदाचं सगळ्यांना कळलं की आता ठिगळं बस. चासीच्या नळ्या तीनच्या चार इंच झाल्या, त्यांच्यातलं अंतर वाढलं, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. सस्पेन्शनची भूमिती बसवायला फोर्डच्या इंजिनिअरांनी कॉम्प्युटर वापरला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. साठच्या दशकातला, खोलीएवढा कॉम्प्युटर असेल तो!

आणि मग सगळं गणित चुकलं. जीटी गटात शर्यत करायची तर १०० गाड्या बनलेल्या असाव्या लागत. १९६५ च्या वसंतात तपासनीस आले तेव्हा जेमतेम पन्नासेक तयार होत्या. परवानगी नाकारली. शर्यतीसाठी बांधलेल्या, ट्रॅकवर नेता न येणाऱ्या गाड्या शेल्बीच्या आवारात पडून राहिल्या. मग त्यांना समोर काच बसवली, थोडंफार रस्त्यालायक केलं आणि 'सेमी-कॉम्पिटिशन', म्हणजे एस/सी, असं नाव देऊन विकलं. आज संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या एस/सी म्हणजे मुळात न खपलेला माल! उलट रस्त्यासाठी ४२७ म्हणून विकलेल्या काही गाड्यांत गुपचूप स्वस्तातलं, शांत स्वभावाचं ४२८ इंजिन होतं. म्हणजे ट्रॅकची गाडी रस्त्यावर आली, आणि रस्त्यावरच्या गाडीला ट्रॅकचं फक्त नाव मिळालं.

१९६७ मध्ये कोब्रा बंद झाली. सगळ्या मिळून सुमारे १००० बनल्या, आणि १९६८ पासून अमेरिकेत सुरक्षेचे आणि धुराचे जे नवे नियम आले त्यांत ती बसणं अवघडच होतं. शेवटच्या ४२७ मध्ये १९५३ च्या 'एस'चं काय उरलं होतं हे मी एकदा मोजायला बसलो. इंजिन नाही, डिफरन्शियल नाही, स्टिअरिंग नाही, पाटे नाहीत, नळ्या त्या मापाच्या नाहीत. उरलं काय, तर दोन लांब नळ्यांवर गाडी उभी करायची कल्पना, हातानं ठोकलेलं ॲल्युमिनियम, आणि ते ठोकणारे इंग्लंडातले कारागीर.

सीएसएक्स-२००० शेल्बीनं शेवटपर्यंत विकली नाही. २०१२ मध्ये तो गेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये माँटेरेच्या लिलावात ती गाडी १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. नवीकोरी करून ठेवलेली नव्हती. रंग थकलेला, कातडी सीट झिजलेल्या. आणि खाली अजूनही ते दोन आडवे पाटे.