एट्रिअल फिब्रिलेशनवरील लयस्थापक औषधे
एट्रिअल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या अलिंदांचे स्पंदन अतिजलद व अनियमित होते. मूळ लय पुन्हा प्रस्थापित करणाऱ्या औषधाची निवड मुख्यतः हृदयाच्या स्थितीवर अवलंबून असते. फ्लेकेनाइड व प्रोपाफेनोन काही तासांत गुण देतात. मात्र हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना ती वर्ज्य आहेत. अशा रुग्णांच्या निलयांतील जादा ठोके थांबविण्यासाठी फ्लेकेनाइड दिले असता मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे ‘कास्ट’ चाचणीत १९८९ साली आढळले. त्यांना अ‍ॅमिओडॅरोन देतात. त्याचा परिणाम सावकाश होतो व दीर्घकाळ घेतल्यास थायरॉइड ग्रंथी, फुप्फुसे आणि यकृत यांना अपाय संभवतो. लय पूर्ववत झाल्यावरही गुठळी सुटून पक्षाघाताचा धोका असतो. म्हणून रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध त्यानंतर सहसा किमान ४ आठवडे देतात.