शाळेच्या भिंती आणि श्रमिकाचा श्वास
शाळांच्या इमारतींत दडलेल्या ॲस्बेस्टॉसपासून मुलांचे रक्षण व्हावे, म्हणून अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. परंतु हे द्रव्य अजाणतेपणी खरवडले, तर त्याचे तंतू हवेत पसरतात. ते प्रथम मजुराच्याच छातीत शिरतात आणि व्याधी अनेक वर्षांनी प्रकटते. म्हणूनच प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यासच हे काम करण्याची मान्यता देण्याचे ठरले. १९९० साली हे बंधन सार्वजनिक व व्यापारी इमारतींपर्यंत विस्तारले. १९९२ च्या कायद्याने घरांतील शिशाचा रंग काढणाऱ्यांसाठीही प्रशिक्षण आवश्यक केले. १९९४ मध्ये ॲस्बेस्टॉस-कामगाराचे प्रशिक्षण तीन दिवसांवरून चार दिवसांवर गेले. दरवर्षीची एक दिवसाची उजळणीही त्यास बंधनकारक राहिली. विद्यार्थ्याची सुरक्षितता श्रमिकाच्या ज्ञानावर अवलंबून असते, हाच या इतिहासाचा बोध होय.