निंदणीतली भाजी : काठी परिसरातील तण, रान आणि परसबाग

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले काठी हे गाव उर्वरित महाराष्ट्राला मुख्यतः तेथील राजवाडी होळीमुळे ठाऊक आहे. होळीनंतर तीन-चार महिन्यांनी, पहिल्या पावसाबरोबर, याच डोंगरात जो दुसरा हंगाम सुरू होतो त्याला ना मिरवणूक असते ना पाहुणे; तरीही या भागातील भिल्ल व पावरा कुटुंबांच्या पोटाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर ज्वारी, मका आणि भगर यांच्याइतकेच लक्ष या हंगामात आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्यांकडे द्यावे लागते.

जेठ-आषाढात घरातील साठवणीचे धान्य संपत आलेले असते आणि नव्या पिकाला अद्याप अवकाश असतो. नेमक्या याच काळात शेतात, बांधावर आणि घरामागच्या परसात तरोटा (ज्याला इतरत्र टाकळा म्हणतात), कुरडू, तांदुळजा, माठ, घोळ आणि केना या वनस्पती वर येतात. नांगरलेली, उकरलेली जमीन हेच त्यांचे घर असल्यामुळे कृषिशास्त्र त्यांची गणना तणात करते. पण सातपुड्यातील वस्ती विखुरलेली असून पाड्यावरचे घर बहुधा आपल्याच शेतात उभे असल्याने येथे शेत कोठे संपते आणि परस कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड असते, आणि म्हणून निंदणी, म्हणजे पिकातील तण उपटण्याचे काम, हीच भाजीची तोडणीही ठरते. हे काम मुख्यतः स्त्रियांचे असल्यामुळे कोणते रोप फेकायचे, कोणते राखायचे आणि कोणते बी धरेपर्यंत तसेच उभे ठेवायचे, याचा निर्णयही त्यांच्याच हातात राहिला.

या ज्ञानाचा मोठा भाग वेळेचा आहे. तरोट्याचा पाला पहिल्या पावसानंतर कोवळा असतानाच खुडतात, कारण फुलोऱ्याच्या सुमारास तो राठ होऊन कडवटपणा धरतो. कुरडूचेही शेंडेच घेतात. पाला उकडून, पाणी पिळून टाकून, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतण्याची रीत केवळ चवीसाठी नाही, कारण अशा अनेक पाल्यांत ऑक्झलेट नावाचे क्षार असतात आणि उकडलेले पाणी टाकल्याने त्यांचा बराच अंश निघून जातो. रानअळूच्या जातीच्या पानांत हेच द्रव्य सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात असल्याने घसा खाजतो, म्हणून ती चिंच, अंबाडी किंवा आमचुराच्या आंबटाबरोबर शिजवतात. आणि आमचूर, म्हणजे कच्च्या आंब्याच्या वाळवलेल्या फोडी, हे तर या डोंगराचे उन्हाळ्यातील घरोघरचे काम आहे. दक्षिणेकडील डांगात तेरा या नावाचा सणच आहे, ज्यात पावसाळ्यात उगवलेल्या रानअळूची कोवळी पाने आधी देवाला दाखवून मगच खातात. पाला पुरेसा वाढण्यापूर्वी तो ओरबाडला जाऊ नये, याची व्यवस्था त्या रीतीने आपोआप होते.

राज्यकर्त्यांच्या दप्तरात मात्र या भाज्यांना जागा मिळाली ती दुष्काळामुळे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा काठी हे मेवासी संस्थानांपैकी, म्हणजे डोंगरी भिल्ल प्रमुखांच्या सत्तेखालील लहान जहागिरींपैकी, एक होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर मुंबई इलाख्यात राखीव जंगलाची हद्द वाढत गेली, फिरत्या शेतीवर बंधने आली आणि जंगल साफ करून कसलेली नेवाड जमीन सरकारी भाषेत अतिक्रमण ठरू लागली. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, गोमंतकीय डॉक्टर जे. सी. लिस्बोआ यांचा इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर, १९०२ मध्ये, जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळी खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची नोंद छापली. या नोंदी मोलाच्या आहेत, परंतु दुष्काळी अन्न हा त्यांचा चष्मा अन्यायकारक होता; जी भाजी डोंगरातील माणूस सुकाळातही दरवर्षी आवडीने खात आला, ती त्यामुळे नाइलाजाचे खाणे म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्याविषयीचा संकोच पुढच्या पिढ्यांत उतरला.

रानातील पाला, कंद आणि फळे यांवरील हक्काला कायद्याचा आधार मिळण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, ज्यात गौण वनोपजाची व्याख्या वनौषधी, मुळे व कंदांपर्यंत विस्तृत केलेली आहे. दरम्यान तापीकाठच्या सपाटीवर कापूस, ऊस आणि तणनाशक यांनी शेतातील रानभाजी मागे रेटली होती, तर डोंगरातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊ लागली होती.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा बालकुपोषणासाठी सातत्याने चर्चेत राहिला, आणि त्यावरील उपायांपैकी एक म्हणून राज्यात अंगणवाड्या, आश्रमशाळा व बचत गटांमार्फत परसबागांना चालना मिळाली. या बागांत बहुधा पालक, मेथी, मुळा आणि शेवगा यांचे बी दिले जाते. यात गैर काही नाही; परंतु काठीसारख्या ठिकाणी, जेथे तांदुळजा न पेरता येतो आणि घोळ खडकाळ जमिनीतही तग धरते, तेथे सामूहिक परसबागेतून हीच रोपे तण म्हणून काढून टाकणे ही मोठी चूक आहे. कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने रानभाजी महोत्सव भरवू लागला, त्यामुळे शहरी गिऱ्हाइकाचे लक्ष या भाज्यांकडे वळले. मात्र महोत्सवाची टोपली भरण्यासाठी झाड मुळासकट उपटले गेले, तर पुढच्या वर्षी बी पडणार नाही. बागेचा आराखडा आखणाऱ्यांनी पाड्यावरील वयस्क स्त्रियांना आधी विचारावे, एक वाफा न निंदता राखावा, त्यातील कुरडू आणि तरोटा बी धरेपर्यंत उभा ठेवावा, आणि ते बी पालक-मेथीच्या पाकिटांबरोबर दरवर्षी वाटावे.